डॉक्टरीणबाईंचा अंदाज

मायला पहिल्यांदा छातीत दुखलं ते काम करताना नाही, काम थांबवून बसल्यावर. रोवण्याचे, भातलावणीचे दिवस होते. सकाळपासून चिखलात वाकून धानाचे पऱ्हे लावून झाले होते आणि बाया शेताच्या धुऱ्यावर शिदोरी सोडायला बसल्या होत्या. मायनं भाताचा पहिला घास हातात घेतला, तो तसाच ठेवला आणि छातीच्या मधोमध तळवा दाबून धरला. मी शेजारीच होते. काय झालं विचारलं तर म्हणाली, कोणी छातीवर पाटा ठेवल्यावानी वाटते. बाकीच्या बायांची जेवणं झाली, त्या पुन्हा बांधीतल्या चिखलात उतरल्या, तरी ती बसूनच होती. मग दुखणं जसं आलं तसं गेलं. तिनं पदर खोचला आणि ती कामाला लागली.

ही पन्नासच्या दशकातली गोष्ट. आमचं गाव सावली या मोठ्या गावाच्या बाजूचं, वैनगंगेच्या अंगाला. जिल्ह्याला तेव्हा चांदा म्हणत आणि गडचिरोली त्यातलीच एक तहसील होती. घरी माय, बाबा, मी आणि दोन धाकटे भाऊ. धानाची शेती होती, घरापुरती लाखोळीची डाळ व्हायची. माय रोवण्यात बायांच्या रांगेच्या पुढे असायची. तिच्या हाताचा वेग बघून बाकीच्या आपला वेग ठरवायच्या. अशा बाईला काही होऊ शकतं हे आमच्या डोक्यातच नव्हतं.

ते दुखणं नंतर अधूनमधून यायचं. विहिरीवरून पाणी आणून गुंड खाली ठेवला की यायचं, थंडीत पहाटे सडा टाकल्यावर यायचं, बाबांशी वाद झाला तरी यायचं. कधी कित्येक दिवस यायचंच नाही. माय ओवा चावायची, गरम पाणी प्यायची आणि वायू धरला म्हणायची. आम्हीही तेच धरून चाललो होतो. मग गावचे म्हातारे मालगुजार एका दुपारी छाती धरून बसले आणि बसल्या जागी गेले. त्यांना आधी महिनाभर असंच दुखत होतं, हे त्यांच्या घरच्यांनी नंतर सांगितलं. त्या दिवशी बाबा घरी आले आणि मायकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवशी तिला दवाखान्यात न्यायला बैलबंडी जुंपली.

सावलीच्या दवाखान्यातले डॉक्टर वयस्क आणि सावध होते. त्यांनी नाडी बघितली, छाती ऐकली आणि हे हृदयाचं असू शकतं, पण इथं त्याचं यंत्र नाही, नागपूरला जा म्हणाले. मूल या गावापर्यंत बस आणि तिथून छोट्या लाइनची आगगाडी, असा प्रवास करून आम्ही तिघं नागपूरला पोचलो. मला नेलं, कारण मी शाळा शिकलेली होते आणि नागपूर एकदा पाहिलेलं होतं. त्याच वर्षी नर्सिंगच्या शिक्षणासाठी माझी तिथं निवड झाली होती. बाबांनी मोठ्या मुश्किलीनं होकार दिला होता. दोन महिन्यांत मी जाणार होते.

नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात मायचा कार्डिओग्राम काढला. ती शांत पडून होती, दुखत नव्हतं, आणि कागदावरच्या रेघाही शांत होत्या. एका तरुण डॉक्टरनं सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं. बायकांना काळजीनं असं होतं, मन रमवा, असंही म्हणाला. मायला बरं वाटायला हवं होतं, पण तिला ते लागलं. जिन्यावरून उतरताना ती मला म्हणाली, "मंग दुखते ते काय दुसऱ्याचं दुखते?"

जिना उतरून आम्ही आवारातल्या बाकावर बसलो आणि तिथंच तिचं दुखणं आलं. चेहरा उतरला, कपाळावर घाम आला. बाबा धावत वर गेले. तिला स्ट्रेचरवर घालून नेलं, दुखत असतानाच पुन्हा यंत्र लावलं, आणि या वेळी रेघा बदललेल्या निघाल्या. मग मोठे डॉक्टर आले. त्यांनी बाबांना बाजूला घेतलं. मी बाबांच्या मागे उभी होते. हृदयाला रक्त कमी पडतंय, म्हणाले, पुढचं दुखणं म्हणजे झटकाही असू शकेल. वर्ष निघेल, दोन निघतील, त्याहून कमीही असेल, कसलीच हमी देता येत नाही. कष्ट अजिबात नकोत, खाटेवरून उठायचं नाही. त्यांनी जिभेखाली ठेवायच्या गोळ्या दिल्या. त्या माणसाच्या बोलण्यात कळकळ होती. तेव्हा जेवढं माहीत होतं तेवढ्यावरून तो बोलत होता. पण आम्ही नागपूरला एका बाईला घेऊन गेलो होतो आणि परत येताना गाडीत आमच्यासोबत तिचं मरण बसलं होतं.

घरी आल्यावर मायला खाटेवर घातलं. मी नागपूरची जागा सोडली. ते मला कुणी सांगितलं नाही, मीच बाबांना सांगितलं आणि बाबांनी मान खाली घातली. चूल, पाणी, गुरं, भाऊ, सगळं माझ्याकडे आलं. त्याचा मला राग नव्हता. भीती मात्र होती. अंगणातून हाक मारली आणि माय लगेच बोलली नाही की मी हातातलं काम टाकून आत धावायचे.

लोक भेटायला येत. खाटेजवळ बसून हळू आवाजात बोलत, जाताना डोळे पुसत. विचित्र गोष्ट अशी, की खाटेवर पडून दुखणं कमी झालं नाही, वाढलं. आधी ते कामाच्या पाठोपाठ यायचं, आता नुसत्या विचारानं यायचं. गोळीनं डोकं ठणकायचं आणि छातीचं दुखणं आपल्या सवडीनं जायचं. तिचे पाय बारीक होत चालले. एकदा मी तिचे केस विंचरत होते, तेव्हा ती म्हणाली, "मले इथी कोणी मायवानी नाई पाहत. मढ्यावानी पाहते." मी तिची वेणी घालत राहिले.

हिवाळ्यात आत्या आली. बाबांची थोरली बहीण, मनानं चांगली. तिनं घराची अवस्था बघितली आणि बाबांना म्हणाली की मायच्या डोळ्यांदेखत पोरीचे हात पिवळे करून टाका. स्थळही तिनंच आणलं, ब्रह्मपुरीचं. मुलगा शाळेत मास्तर, घरची धानाची शेती. सगळ्यांना पटलं. मलाही, खरं सांगायचं तर, नाही म्हणण्याजोगं काही दिसेना. मरणाऱ्या आईच्या इच्छेला कोण नाही म्हणणार? फक्त ती इच्छा मायची होती का, हे कुणी तिला विचारलं नव्हतं. तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, घर पाहिल्याशिवाय मी पोरगी देणार नाही. बाबांनी समजावलं, आत्यानं हात जोडले. माय ऐकेना. मरायचंच असलं तर ब्रह्मपुरीलाही मरता येते, म्हणाली.

शेवटी बंडीत गादी घालून, मग बसनं, मग गाडीत खालच्या फळीवर पथारी टाकून, नागभीडला गाडी बदलून आम्ही तिला ब्रह्मपुरीला नेलं. मुलाच्या घरी ओसरीवर चहा झाला, पोहे झाले. मुलाची आई मला शेजारी बसवून घेऊन बोलत होती. माय भिंतीला टेकून सगळं बघत होती आणि बघता बघता तिचा हात छातीवर गेला.

घरात एकच धावपळ झाली. मुलगा सायकल काढून डॉक्टर आणायला गेला. तो ज्यांना घेऊन आला त्या एक बाई होत्या, पस्तिशीच्या, पांढरं लुगडं, पायांत चपला, बोलणं पुण्याकडचं. त्यांचा तिथं छोटासा दवाखाना होता आणि बाळंतपणासाठी आसपासच्या गावांतून बाया त्यांच्याकडे येत. त्यांनी ओसरीवर मायजवळ जमिनीवर बसकण मारली, तिचं मनगट हातात घेतलं आणि दुखणं थांबेपर्यंत सोडलं नाही. इंजेक्शन नाही, धावपळ नाही. मधूनच विचारायच्या, आता कसं आहे, कुठं आहे. दुखणं ओसरल्यावर त्यांनी पुरुषांना अंगणात जायला सांगितलं.

मग त्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. एवढे प्रश्न मायला आजवर कुणी विचारले नव्हते. दुखणं काम करताना येतं की थांबल्यावर? किती वेळ राहतं? गोळीनं लगेच जातं का? आडवं झाल्यावर दम लागतो का, उशी उंच घ्यावी लागते का? पायांवर सूज? कधी चक्कर येऊन पडलात? महिन्याची पाळी केव्हा थांबली, आणि हे दुखणं त्याच्या आधीचं की नंतरचं? हा शेवटचा प्रश्न ऐकून माय माझ्याकडे बघायला लागली. मग हळूहळू बोलू लागली. पाळी बंद झाली त्याच पावसाळ्यात हे सुरू झालं होतं. सावलीच्या आणि नागपूरच्या डॉक्टरांना तिनं हे सांगितलं नव्हतं. त्यांनी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी परक्या पुरुषापुढे तिच्या तोंडून ते निघालं नसतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी आम्हाला दवाखान्यात बोलावलं. नागपूरचे कागद बघितले. मग मायला उठवलं आणि आवारात फेऱ्या मारायला लावल्या. बाबा घाबरून पुढे झाले, त्यांना हातानंच थांबवलं. स्वतः मायच्या बरोबर चालत राहिल्या, मनगटावर बोटं ठेवून. दवाखान्याच्या पायऱ्या चढवल्या, उतरवल्या, पुन्हा छाती ऐकली, पायाच्या घोट्यांवर अंगठा दाबून बघितला. माय दमली होती, पण छातीत दुखलं नव्हतं, आणि कित्येक महिन्यांनी तिच्या गालांवर रंग आला होता.

मग त्या बाबांना म्हणाल्या, "नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं ते खोटं नाही. यांच्या हृदयाला कधी कधी रक्त कमी पडतं. पण ज्यांना झटका येतो त्यांचं दुखणं बहुधा काम करताना उठतं, असं थांबल्यावर नाही. असं दुखणं घेऊन येणाऱ्या काही बाया मी आधीपासून बघते आहे. त्यातल्या बऱ्याच अजूनही येतात."

बाबांनी विचारलं, "म्हणजे काही होणार नाई, याची खात्री आहे का जी?"

"खात्री नाही. अंदाज आहे. मला वाटतं, या दुखण्यानं त्या लवकर जाणार नाहीत. दुखेल मात्र, आणि बरीच वर्षं दुखेल."

मायनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हणाली, "दुखते तं दुखू द्या. मले उठू द्या."

डॉक्टरीणबाईंनी तिला उठू दिलं, पण नियम घालून. रोज थोडं चालायचं, हळूहळू वाढवायचं. थंडीत पहाटे बाहेर पडायचं नाही. दुखलं तर बसायचं आणि हे नेहमीचंच दुखणं आहे का ते बघायचं. पायांवर सूज आली, आडवं पडल्यावर दम लागला, शुद्ध हरपली किंवा दुखण्याची जात बदलली, तर मात्र वाट न बघता निघून यायचं. हे त्यांनी मायकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेतलं, मग माझ्याकडून.

पुढे मी नर्स झाले आणि नोकरीची शेवटची वर्षं हृदयाच्या वॉर्डात काढली. तोवर हृदयाच्या रक्तवाहिन्यांचे फोटो काढता येऊ लागले होते. मायसारख्या बाया तिथं यायच्या. मोठ्या रक्तवाहिन्या स्वच्छ असायच्या आणि तरी दुखायचं. अगदी बारीक, फोटोत न दिसणाऱ्या वाहिन्या वेळेवर उघडत नाहीत, म्हणून हे होतं, असं तिथल्या डॉक्टरांनी मला समजावलं. हेही सांगितलं की त्या सगळ्याच सुखरूप राहतात असं नाही. काहींचं हृदय पुढे थकतं, काहींना झटका येतो, आणि कुणाचं काय होईल हे आधी ओळखणं आजही अवघड आहे. ते ऐकून डॉक्टरीणबाईंबद्दलचा आदर आणखी वाढला. त्यांच्या हाताशी मनगट, कान आणि प्रश्न एवढंच होतं. त्यांनी अंदाज केला, त्याला अंदाजच म्हटलं, आणि तो चुकला तर काय करायचं तेही शिकवून ठेवलं.

लग्नाचं बोलणं तिथंच थंडावलं. घाई होती ती मायच्या मरणाची, आणि ते तर पुढे ढकललं गेलं होतं. मायनंच मुलाच्या आईला सांगितलं की पोरगी आधी शिकून घेईल. ती बाई समजूतदार होती, वाईट वाटून घेतलं नाही. निघताना तिनं मायची ओटी भरली. मुलाच्या चेहऱ्यावरही मला सुटल्यासारखं काहीतरी दिसलं. पुढे त्याचं मन शेजारच्याच आळीतल्या एका मुलीत होतं असं कानावर आलं.

गावी परतल्यावर माय आधी अंगणात चालली, मग विहिरीपर्यंत, मग तलावाच्या काठापर्यंत. लोक दारात उभं राहून बघत. मोहाची फुलं गळायला लागली तेव्हा ती शेजारच्या जंगलगावातल्या गोंड बायांबरोबर टोपली घेऊन गेली. त्या बायांना नागपूरच्या निदानाचं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी तिला नेहमीसारखं हसत बोलावलं आणि ती त्यांच्यात बसून फुलं वेचत राहिली. मी काही अंतरावर उभी होते. खूप दिवसांनी तिच्याकडे कुणी साध्या नजरेनं बघत होतं.

पुढच्या रोवण्याला ती बांधीत उतरली. बाबांनी डोळे मिटून घेतले असावेत. या वेळी ती रांगेच्या पुढे नव्हती, मागच्या टोकाला होती, हळूहळू लावत. मी तिच्या शेजारची जागा सोडली नाही. जेवणाच्या वेळी धुऱ्यावर बसलो आणि तिचा हात छातीकडे गेला. तिनं डोळे मिटले, श्वास सावकाश घेतला. पावसाची झड आली आणि गेली तरी कुणी हललं नाही. मग तिनं डोळे उघडले.

"जुनंच आहे," ती मला म्हणाली. "नवं नाई."

त्या शब्दांनी मला जेवढा धीर दिला तेवढा कुठल्या औषधानं दिला नसता. दुखणं होतं तसंच होतं, पण आता ते घरातल्या एखाद्या कटकट्या म्हाताऱ्यासारखं ओळखीचं झालं होतं. त्याच वर्षी मी पुन्हा अर्ज केला आणि नागपूरला गेले.

शिक्षणाच्या दुसऱ्या वर्षी गावचा एक माणूस वसतिगृहाच्या फाटकावर आला आणि म्हणाला, तुझ्या मायला ब्रह्मपुरीला नेलं आहे, जास्त काही माहीत नाही. मी रजा काढून गाडीत बसले. छोट्या लाइनची ती गाडी प्रत्येक स्टेशनात विसावत चालली होती. अंदाज चुकला, हे एकच वाक्य माझ्या डोक्यात फिरत होतं. ब्रह्मपुरीला उतरून मी दवाखान्यापर्यंत जवळजवळ धावतच गेले.

माय दवाखान्याच्या अंगणात उन्हात बसून सुपात तांदूळ निवडत होती. डॉक्टरीणबाई शेजारी खुर्चीवर बसून चहा पीत होत्या. मला बघून माय म्हणाली की तू काऊन आली, अभ्यास बुडते ना. मी तिच्यापुढे बसले आणि रडायलाच लागले. झालं होतं ते असं. तिला ताप आला, छातीत एका बाजूला दुखायला लागलं आणि आडवं पडलं की दम लागायचा. माय म्हणाली की हे आपलं नाही, हे नवं आहे, आणि बाबांना उठवून निघाली. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, ती सर्दी छातीत उतरली होती. औषध दिलं, चार दिवस ठेवून घेतलं. हृदयाला काही झालं नव्हतं. "त्यांनी वाट बघितली असती तर हेच अंगावर आलं असतं," डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या. "वेळेवर आल्या, म्हणून सोपं गेलं." मग त्यांनी माझ्यासाठीही चहा मागवला.

बाबा आधीच शेताकडे परतले होते. दुसऱ्या दिवशी मी मायला घेऊन गावाकडे निघाले. नागभीडला गाडी बदलली. डब्यात गर्दी नव्हती, खिडकीतून सागाचं जंगल सरकत होतं. माय माझ्या खांद्यावर डोकं टेकून तोंड उघडं टाकून झोपली. दुखणं सुरू झाल्यापासून मी घरी असले की ती झोपली तरी मी जागी असायचे, तिची छाती खाली-वर होते का बघत. त्या दिवशीही थोडा वेळ बघितलं. मग कधीतरी माझाही डोळा लागला.

जाग आली तेव्हा आम्हाला जिथं उतरायचं ते मूल स्टेशन मागे पडलं होतं. गाडी पुढच्या कुठल्याशा स्टेशनात उभी होती, चारी बाजूंनी जंगल. आम्ही घाईघाईनं गाठोडी घेऊन उतरलो. स्टेशनमास्तर म्हणाला, परतीची गाडी संध्याकाळी आहे. माय आधी माझ्यावर चिडली, मग हसायला लागली. हसता हसता तिनं गाठोडं सोडलं, डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या पोळ्या काढल्या, आणि आम्ही दोघी लिंबाच्या झाडाखाली बसून निवांत जेवलो.